आत्तींनी माकडासाठी आणलेली केळी

लसीवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी काचेच्या बाटल्या धुते. एवढं एक वाक्य बोलायचं तरी मी चार दिवस मनात घोकते, म्हणून घरी कामाचं कधी सांगितलं नव्हतं. एकदा जेवताना सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनीच विचारलं, "त्या बाटल्यांत काय आसतंय गं?"

मी खरं ते सांगितलं. "माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी. त्यांच्यात रोगाचे विषाणू वाढवतात, मग लस लागू पडते का बघतात."

आत्तींच्या हातातला घास ताटात पडला. आमच्या घरात तालमीतल्या मारुतीला विचारल्याशिवाय पान हलत नाही.

"माकडं मारत्यात? आनि तू त्येंची भांडी घासतीस? उद्यापास्नं जायाचं न्हाय!"

मला ती नोकरी सोडायची नव्हती. दिवसभर कुणाशी न बोलता करायचं काम दुसरीकडे कुठं मिळणार? पण आत्तींपुढं तोंड उघडलं नाही. सकाळी प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोन करून "येत नाही" एवढंच म्हणाले आणि रडू फुटलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, "आजींना घेऊनच या."

आत्ती केळ्यांचा घड घेऊन निघाल्या. गेटवर वॉचमनला म्हणाल्या, "पावणं, माकडं कुठं ठेवल्यात?" वॉचमन माझ्याकडं बघायला लागला. मी भिंतीकडं.

आतल्या खोलीत बाहेरच्यांना सोडत नाहीत. मॅडमनी विषाणू न घातलेली एक बंद बाटली बाहेर आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आत्तींनी चष्मा कपाळावर चढवून डोळा लावला.

"शेपूट कुठं हाय?"

"शेपूट नाही आजी, नुसत्या पेशी. खूप वर्षांपूर्वी एका माकडाच्या काढलेल्या. थोड्या घेऊन नव्या बाटलीत घातल्या की वाढून ती बाटली भरते. दर वेळी नवं माकड लागत नाही."

"म्हंजे दह्याचं इरजान की!" आत्ती डोळा न काढता म्हणाल्या. "कालच्यातलं चमचाभर ठिवायचं."

"अगदी तसंच."

"आनि खात्यात काय?"

मॅडमनी बाटलीतलं गुलाबी पाणी दाखवलं. आत्तींनी केळ्यांकडं बघितलं. "निस्त्या सरबतावर? बरं, बाटली घान ऱ्हायली तर?"

"मरतात. म्हणून तर आम्हाला ह्या लागतात." मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. टेबलाखाली जाता आलं असतं तर मी गेले असते.

नोकरी राहिली. जरा जास्तच राहिली. परवा रविवारी नृसिंहवाडीला जायचं म्हणून मी ठेवणीतली साडी नेसले, तर आत्ती दारात आडव्या.

"देव कुटं पळून चाललाय? तिकडं ती लेकरं पारोशा बाटलीत बसली आसतील. चल, नीघ!"

रविवारी तिथं कुलूप असतं हे सांगायला मी तोंड उघडलं आणि नेहमीसारखं मिटलं. आत्ती त्या लेकरांसाठी रोज देतात ती केळ्यांची पिशवी घेऊन गेटपर्यंत गेले. वॉचमन हल्ली मला लांबून बघितलं की केळी खायला आधी हात धुऊन येतो.