शून्य गुणांचं गाव

माझ्या साडूंनी दहापैकी गुण दिले नाहीत, अशी एकही गोष्ट आमच्या दोन जिल्ह्यांत उरली नसेल. शहरातल्या कुठल्याशा संशोधन केंद्रासाठी ते गावागावांतल्या संस्था मोजत: समिती आहे का, नियम लिहिलेत का, ठरावावर सह्या आहेत का. चांगल्या संस्था असल्या की गाव पुढं जातं, असं त्यांना शिकवलेलं, आणि माणूस भाबडा! चामोर्शीला आमच्याकडे जेवायला आले तरी पिशवीतून तक्ता निघायचा. "ताई, घरात निर्णय कोण घेते?" बायकोनं हातातली पळी न ठेवता सांगितलं, "मी घेतो. अन् लिहूनगिहून ठेवत नाई." आमच्या घराला दोन गुण मिळाले. मी दोन दिवस खट्टू होतो.

पण सावलीकडल्या एका गावानं त्यांची झोपच उडवली. तिथं तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सोडायचं, हे एक म्हातारा तलावाच्या बांधावर, पाळीवर उभा राहून नुसत्या हातानं दाखवायचा. समिती नाही, कागद नाही, आणि तक्रारही नाही. "भाऊ, मले काहीच समजून नाई राह्यलं," साडू म्हणाले. "याले शून्य देऊ कसा?" शेवटी त्यांनीच आग्रहानं समिती करवली. अध्यक्ष, सचिव, सह्या, सगळं. गावाला दहापैकी दहा!

पंधरा दिवसांत निरोप आला. धान पोटरीत, लोंबी फुटायच्या बेतात, बांध्यांना भेगा, आणि ठराव होईना म्हणून पाणी बंद. साडू मला ओढतच एसटीत घेऊन गेले. म्हातारा घरी बसलेला. "आता समिती हाये बाप्पा. मले कोन इचारते?" साडूंनी भर चावडीत हात जोडले. "माझ्यापायी झालं. ते कागद मले वापस द्या." अध्यक्षाचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मले कुठी हौस होती, साहेब? तुमी एवढ्या दुरून आले, तुमाले वाईट वाटंल म्हून झालो." म्हातारा उठला, पाळीवर गेला. संध्याकाळपर्यंत शेवटच्या बांधीत पाणी पोचलं.

साडूंनी अहवालात शून्य लिहिलं आणि खाली पेन्सिलीनं, 'माझा तक्ता चुकला असावा.' पुढच्या वर्षी त्यांना कामावर बोलावलं नाही. आता ते कशालाच गुण देत नाहीत. परवा जेवायला आले, ताटावर बसताना सवयीनं हात बाजूला गेला, पण पिशवीच नव्हती. मीच विचारलं, "आमच्या घराले आता किती?" ते माझ्या बायकोकडे बघत राहिले. "नाई सांगता येत, भाऊ," एवढंच म्हणाले, आणि खाली मान घालून जेवू लागले. खरं सांगतो, त्या दिवशी मला आमचे ते दोन गुण फार हवेसे वाटले.