नगराध्यक्षांची आमटी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या घरी माझ्या मुलीचं लग्न एका वाईनच्या बाटलीपायी मोडायला आलं होतं. कुणीही प्यायलेलं नव्हतं.

माझी मुलगी सई केंब्रिजला रिसर्च करते. तिथं तिनं माथियास नावाचा जर्मन मुलगा पसंत केला. मुलगा गुणी, शाकाहारी, जेवण झालं की न सांगता भांडी घासणारा. आम्हा नवरा-बायकोची काहीच हरकत नव्हती. (ती कुणी विचारलीही नव्हती.) पण सईचं एकच टुमणं, "बाबा, आजी येस म्हणाली तरच मी लग्न करणार!" आणि आजी, म्हणजे माझी आई, सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या व्यसनमुक्ती मंडळाची अध्यक्ष! होणाऱ्या सासऱ्याचं परमिट रूम आहे एवढ्यावरून तिनं माझ्या मावसबहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. तेही पत्रिका वाटून झाल्यावर!

आई आमच्याकडे राहायला आली आणि पहिल्याच सकाळी चहाचा कप खाली ठेवत तिनं विषय काढला.

"मुलाचं घराणं काय करतं रे?"

"वडील शिक्षक आहेत. पणजोबा गावचे नगराध्यक्ष होते."

"आणि त्याआधी?"

(नगराध्यक्ष म्हटलं की 'त्याआधी काय करायचा' हे विचारायची आमच्याकडे पद्धतच आहे.) त्याआधी ते वाईनचे व्यापारी होते. माझ्या तोंडून 'वा' बाहेर पडलासुद्धा! तेवढ्यात शुभदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, टेबलाखालून अशी काही लाथ मारली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"वा... वैद्यकीतलं होतं काहीतरी! द्राक्षासव. द्राक्षासवाचे मोठे व्यापारी!"

आईचा चेहरा उजळला. "आसवं, अरिष्टं? जर्मनीत?"

"संस्कृतचा अभ्यास तिकडेच जास्त, आई."

मला माझाच अभिमान वाटला. शब्दशः पाहिलं तर मी खोटं बोललोच नव्हतो. द्राक्षं आंबवून जे करतात ते द्राक्षासव, बाकी तपशील आपापल्या श्रद्धेचा भाग! सईला तंबी दिली, "आजीपुढे वाईन म्हणायचं नाही. द्राक्षासव म्हणायचं." तिनं तो शब्द फ्रिजवर चिकटवून पाठ केला.

रविवारी माथियास आणि त्याचे वडील योहान जेवायला आले. योहान सहा फूट उंच, आवाज मात्र हळू. त्यांनी पिशवीतून लोकरी मफलरमध्ये गुंडाळलेली एक काळपट बाटली काढली. लेबल केव्हाच झडून गेलेलं. 'इंडियन घरात सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातात द्यायचं' असं सईनं त्यांना शिकवून ठेवलं होतं. त्यामुळे मी पुढे केलेले दोन्ही हात चुकवून त्यांनी ती बाटली थेट माझ्या आईच्या हातात दिली!

"आजी, हे त्यांच्या आजोबांचा द्राक्षासव आहे," सई म्हणाली.

आईनं बाटली कपाळाला लावली आणि ती घेऊन स्वयंपाकघरात गेली. देवाजवळ ठेवेल, असं मला वाटलं. मी निवांतपणे कोथिंबीर वडी खाल्ली.

जेवताना योहान आपल्या आजोबांबद्दल बोलायला लागले. आजोबांचं नाव हाइनरिष. मोझेल नदीकाठच्या छोट्याशा गावात वाईनचं दुकान आणि दुकानाखाली भलंमोठं तळघर. युद्धात बॉम्ब पडायला लागले की अर्धं गाव त्या तळघरात पिंपांच्या मधे बसायचं. युद्ध संपलं, जिंकलेल्यांची फौज गावात आली. नाझी पक्षात कधीच न गेलेला माणूस नगराध्यक्ष म्हणून हवा होता, आणि गावानं हाइनरिषकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "मला फक्त वाईन विकता येते." ऑफिसर म्हणाला, "मग तेच कर."

शाळेच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, दवाखान्यात कोळसा नव्हता. जवळ होती ती फक्त वाईन. तीच हाइनरिष सैनिकांना देत गेला आणि बदल्यात काच, कोळसा, औषधं आणत गेला. सई आजीला भाषांतर करून सांगत होती.

"आजी, ते रोज सोल्जर लोकांना द्राक्षासव द्यायचे."

"बिचारे! लढाईत पोटाचे हाल होतातच," आई कळवळून म्हणाली.

"मग त्यांची सगळी तळघर एम्प्टी झाली."

"एवढी पोटं बिघडली होती?"

मला ठसका लागला. योहाननी सहानुभूतीनं माझ्याकडे पाहिलं आणि आमटीची तिसरी वाटी मागून घेतली. असली आमटी लंडनमध्येसुद्धा मिळत नाही, म्हणाले. शुभदा खूश झाली. (आमटी आईनं केली होती, पण पातेलं शुभदाचं होतं.)

"शेवटी एकच बाटली उरली," योहान सांगत होते. "आजोबा म्हणाले, बाकीची परक्यांना द्यावी लागली. ही मात्र परक्यांबरोबर स्वखुशीनं प्यायची. माझ्या वडिलांना तसा योग आला नाही. आज आलाय. आता ती आणता का?"

काय माणूस होता तो! सई डोळे पुसत आजीकडे वळली. "आजी, ते बॉटल कुठेय?"

"औषधाची?" आईनं भात कालवता कालवता सांगितलं, "आमटीत."

मला आधी वाटलं, मी चुकून काहीतरी वेगळंच ऐकलं.

"आमटीत म्हणजे?"

"आमटीत म्हणजे आमटीत! बूच कुजलं होतं, लाटण्यानं आत ढकललं. गाळून चमचाभर घेतलं तर दात आंबले. औषध म्हणून बाद झालेलं ते! पण टाकायचं कसं, द्राक्षंच ना शेवटी? तुमच्याकडचं आमसूल संपलंय. ईलिंगच्या इंडियन दुकानातून आणा म्हणून किती दिवस सांगतेय, कुणाला वेळ नाही. घातलं आमटीत. गूळ जरा जास्त लागला."

"सगळं?"

"पाहुण्यांत हात कशाला आखडायचा?"

शुभदाच्या हातातला डाव खाली पडला. सई हमसून रडायला लागली. माथियासला मराठी येत नाही, पण 'आमटी' हा शब्द त्याला येतो. तो पांढराफटक पडला. "काय झालं?" योहाननी विचारलं. मी घाबरून भलत्याच दिशेला तोंड उघडलं.

"आई, अगं ती वाईन होती!"

आता आईचा घास हातातच राहिला. "दारू?"

"हो."

"मी... चमचाभर..." तिचा चेहरा बघवेना. मग तिनं सईचा हात धरला. "रडू नकोस. ते नगराध्यक्षांचं सगळं मला पुन्हा सांग. तुझ्या बापाचे शब्द वापरू नकोस."

सईनं हुंदके देत पुन्हा सांगितलं. एका टोकाला ते मराठी चाललं होतं आणि दुसऱ्या टोकाला माथियास वडिलांना जर्मनमध्ये बाटलीचा शेवट सांगत होता. मधे मी बसलो होतो. दोन्ही भाषांत माझं नाव येत होतं!

योहाननी सगळं ऐकून नॅपकिन बाजूला ठेवला. मला वाटलं, आता ते उठून जाणार. ते उठले, पण आमटीची वाटी दोन्ही हातांत घेऊन. "आजोबा स्वखुशीनं म्हणाले होते," ते सावकाश म्हणाले. "ग्लासात असं म्हणाले नव्हते."

आम्ही सगळे वाट्या घेऊन उभे राहिलो. आई बसूनच होती.

"म्हणजे या माणसानं घरातली सगळी दारू बाहेर काढली? शाळेसाठी?"

"सगळी, आजी."

"इतकी वर्षं मंडळ चालवतेय मी. मला कुणाचं कपाटसुद्धा रिकामं करता आलं नाही. यानं तळघर रिकामं केलं!" ती उठली, वाटी उचलली आणि शुभदाकडे पाहिलं. "चांगली उकळली होती ना गं?"

"खळखळून."

आईनं आमटी घोटाघोटानं संपवली आणि निकाल दिला. "मुलगा पसंत आहे. घराणंही पसंत आहे. फक्त आपल्या घराण्यात एक थापाड्या आहे, हे त्यांना आत्ताच सांगून टाक सई. मागाहून फसवलं म्हणायला नकोत."

सईनं लगेच भाषांतर केलं. योहाननी माझ्याकडे बघून मला धीर दिल्यासारखा हात हलवला.

"काळजी करू नका," ते म्हणाले. "ते माथियासनं आम्हाला आधीच सांगितलंय."