गेममधला नळ आणि आमची जळालेली मोटर

त्या जपानी भुताच्या गेमचा दुसरा भाग लई भारी म्हणून माझं डोकं खाणाऱ्या दोस्तांनो, जरा पुढं या.

पहिल्या भागात कंदील दाखवला की भूत पळायचं. दुसऱ्यात म्हणे हत्यारच नाय, फक्त कान. रिकाम्या घरातला नळ गुरगुरला की भूत आलं समजायचं आणि कपाटात लपायचं.

आज दुपारी मोठ्या आवाजात खेळत होतो. नळ गुरगुरला की मी नळाकडंच पळायचो आणि मरायचो. दुष्काळात वाढलेला माणूस नळाला पाठ दाखवतो व्हय?

शेवटी तो आवाज आईनं ऐकला. "अरे, पाणी आलं!" म्हणत तिनं मोटर लावली. ती बादल्या मांडेपर्यंत मोटर कोरडीच फिरली आणि जळाली.

आता खरंच पाणी आलंय. घरामागच्या नव्या टॉवर बिल्डिंगची मोटर सगळं ओढतीय, आमच्या नळाला नुसती हवा. आई मला शोधतीय.

काय रे गेमवाल्यांनो, लपू कुठं? आमच्या घरात कपाट नाय. पाण्याचा ड्रम आहे, तो रिकामाच आहे.