निरोपाच्या अंकातलं राहिलेलं टिंब

"ताई, तुमच्या आकृतीनं माहा पेचकस खाल्ला."

बडनेऱ्याहून तायडेकाकांचा फोन होता. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, आमच्या मासिकाचे पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार. दर महिन्याला त्यांचा एक फोन ठरलेला असे. एरवी चेष्टा चाले. त्या दिवशी आवाज वेगळा होता.

"प्लग काढला. दहा मिनिटं थांबलो. तुमी तं दोनच लिहिले. मंग जुन्या सवयीनं कपॅसिटरच्या टोकाले पेचकस टेकवला, तं फाडकन ठिणगी! टोक वितळलं ना बाप्पा. पान सत्तावीस काढा. तो निचऱ्याचा रेझिस्टर कुठं जोडला तुमी?"

स्क्रूड्रायव्हरचं टोक वितळलं हे ऐकून मी अंक उघडला. आकृती मीच काढलेली होती. एका ठिकाणी दोन रेघा एकमेकींना छेदून जात होत्या. तिथे टिंब नव्हतं.

आमच्या कामात टिंबाला फार अर्थ असतो. सर्किटच्या आकृतीत रेघ म्हणजे तार. दोन रेघा एकमेकींवरून गेल्या आणि छेदावर काळं टिंब असलं, तर त्या तारा जोडायच्या. टिंब नसलं तर एक तार दुसरीला न शिवता नुसती पलीकडे न्यायची.

मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. अमरावतीच्या या मासिकात बावीस वर्षं आकृत्या काढल्या. मासिकाचं नाव 'स्वरयंत्र'. अॅम्प्लिफायर, स्पीकरच्या पेट्या, जुने टेपरेकॉर्डर यांचा नाद असलेल्या लोकांसाठी मराठीतून निघायचं. संपादक आणि मालक एकच, मनोहर सर. नावामुळे एकदा एका घशाच्या डॉक्टरांनी वर्षभराची वर्गणी भरली होती. पुढच्या वर्षीही भरली, कारण तोवर त्यांनी घरी स्पीकर बनवला होता.

पण हे जुनं झालं. सुट्या पार्टची दुकानं मोबाइलची झाली. जाहिराती गेल्या. लोक व्हिडिओ पाहून शिकू लागले, आणि तयार वस्तू घरपोच मिळते म्हटल्यावर शिकणारेही कमी झाले. वर्गणीदार घटले तसा आमचा स्टाफ घटला. आधी टायपिंगवाले गेले, मग आकृत्या तपासणारे जोशी गेले. शेवटी सर आणि मी उरलो. सरांनी मासिक बंद करायचं ठरवलं आणि निरोपाच्या अंकात एक मोठा प्रोजेक्ट द्यायचा म्हणाले. संपूर्ण व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत तांबूस पेटायच्या त्या काचेच्या नळ्या. त्यांना चारशे व्होल्टच्या आसपास वीज लागते. घरातल्या बोर्डात असते त्याच्या जवळपास दुप्पट.

ही वीज कपॅसिटर नावाच्या डबीत साठते. पाण्याच्या टाकीसारखं समजा. मोटर बंद केली म्हणून टाकी रिकामी होत नाही. म्हणून टाकीला एक बारीक निचरा ठेवतात, तो म्हणजे हा रेझिस्टर. प्लग काढला की दोन मिनिटांत डबी रिकामी. माझ्या आकृतीत निचरा होता, पण टाकीला जोडलेलाच नव्हता.

मी अंक घेऊन सरांच्या टेबलाशी गेले. त्यांनी चष्मा वर करून पान अगदी डोळ्यांजवळ धरलं.

"पुढच्या अंकात चौकटीत शुद्धिपत्र देऊ," ते म्हणाले आणि थांबले.

पुढचा अंक नव्हता.

थोड्या वेळाने म्हणाले, "व्हॉल्व्हचं काम जाणकारच करतात गं. त्यांना दिसतंच हे. तायडेंना दिसलं ना?"

"सर, पहिल्याच पानावर आपण 'नवशिक्यांनीही करून पाहावा' असं छापलंय. आणि दोन मिनिटांनी हात घाला असंही."

वर्गणीदारांचं रजिस्टर त्यांनी स्वतःच कपाटातून काढलं.

दोन दिवस आम्ही फोन करत होतो. ते करतेवेळी मला भीती एकाच गोष्टीची होती, की कुणीतरी म्हणेल, "झटका बसला." तसं कुणी म्हणालं नाही. जे ऐकलं ते निराळंच होतं.

एका घरी बाईंनी फोन घेतला. "ते जाऊन तीन वर्षं झाली. अंक येतो, मी कपाटात लावून ठेवते. बंद करा म्हणून कळवायला मन होत नाही." एक गृहस्थ म्हणाले, डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, पण टपालवाला अंक देतो तेव्हा बरं वाटतं. एकांनी आधी माफी मागितली आणि मग सांगितलं की पाकीट फोडलेलंच नाही. मागचीही नाहीत.

सर प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"वैशाली, कोणी काही बनवतच नाही, म्हणून सगळे सुखरूप आहेत. यावर मी आनंद मानू का?"

मी पुढचा नंबर फिरवला.

खरी अडचण स्टॉलची होती. निरोपाचा अंक म्हणून बसस्टँडवरच्या आणि रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर जास्त प्रती ठेवल्या होत्या. विक्री थांबवायला सांगितलं, ते सोपं होतं. पण विकल्या गेलेल्या प्रती कुणी नेल्या, हे कसं कळणार?

तायडेकाकांनाच पुन्हा फोन लावला.

"ताई, पुस्तक कोन घेतलं ते कावून शोधता? ट्रान्सफॉर्मर कोन घेतला ते शोधा."

बरोबर होतं. या अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार मिळत नाही. त्यावर तांब्याची तार मोजून गुंडाळून घ्यावी लागते. आमच्या माहितीत तसं काम करणारे एकच उरले होते, अकोल्याचे रफीकभाई. त्यांचा पत्ता आम्हीच लेखाच्या शेवटी दिला होता.

फोनवर रफीकभाई म्हणाले, "मशीनवर हाय. आकडा चुकला तं सगळी तार उकलावी लागते. तुमी याच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सर आणि मी अकोल्याला गेलो. रफीकभाईंनी हातातली गुंडाळी पूर्ण केली, मग वही काढली. निरोपाचा अंक निघाल्यापासून त्यांनी या मापाचे चार ट्रान्सफॉर्मर भरून दिले होते.

"चार?" सर म्हणाले. मला वाटलं, त्यांना कमी वाटले. तसं नव्हतं. ते म्हणाले, "चार जण बनवताहेत?"

पहिले तायडेकाका. दुसरे अमरावतीच्या एका कॉलेजातले लॅब असिस्टंट. त्यांना तिथूनच फोन लावला. "हो, टिंब राहिलंय. मी जोडून घेतलं. तुम्हाला कळवणारच होतो." तिसऱ्या धामणगाव रेल्वे या गावच्या संगीत शिक्षिका. त्यांची अजून नुसती लाकडी पेटीच तयार झाली होती. त्यांनी आकृती समोर ठेवून, मी सांगितलं तिथे पेनाने टिंब दिलं.

चौथं नाव होतं पुंडलिकराव, भातकुली. पुढे फोन नंबर नव्हता.

"काश्तकार माणूस हाय, शेती करते," रफीकभाई म्हणाले. "पैल्यांदाच बनवून राहिला. मले विचारे, सोल्डर किती गरम करू. परवाच घेऊन गेला."

परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर बघत बसले. बडनेऱ्याला उतरून आम्ही तायडेकाकांकडून एक वस्तू घेतली. होल्डरमध्ये लावलेला साधा पिवळा बल्ब आणि त्याला दोन लांब तारा, टोकांना रबरी मुठींचे चिमटे. साठलेली वीज ठिणगी न पाडता काढून घ्यायची ही जुनी युक्ती. तिथून रिक्षा केली.

भातकुलीत घर सापडायला वेळ लागला नाही. पहिल्याच माणसाने विचारलं, "ते रेडिओवाले पुंडलिकराव?"

साठीचे असतील. ओसरीत बाजेवर पाट, पाटावर अॅल्युमिनियमचा डबा उलटा ठेवलेला, सगळ्या तारा वर. शेजारी आमचा अंक, सत्तावीस पानावर दगड ठेवून उघडा. उजव्या हातात त्यांच्या कटर होता. डबीच्या टोकाशी एक तार लांब राहिली होती, ती छाटायला ते वाकत होते.

"हात लावू नका!" मी रस्त्यावरूनच ओरडले.

ते दचकले. कटर खाली ठेवून आमच्याकडे पाहत राहिले. सरांनी आपण कोण ते सांगितलं. पुंडलिकरावांनी एकदा अंकाकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि लगबगीने उठून बसायला जागा केली.

"मी सुरू केला होता, पण व्हॉल्व नाई लावले अजून. लिहिलं तसंच केलं, आधी नुसती पावर पाह्यली. मीटरवर बरोबर आली. दोन घंटे झाले बंद करून. प्लग तं हा पाहा, माह्या समोर पडला हाये."

मी चिमटे रबरी मुठींना धरून डबीच्या दोन टोकांना लावले.

बल्ब लख्ख पेटला. क्षणभरच. मग विझला.

पुंडलिकरावांनी प्लग उचलला. त्याच्या तीन पिनांकडे पाहिलं. "मंग हे कुठून पेटलं?"

मी समजावून सांगितलं. टाकी, निचरा, टिंब. दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे यायनं हात लावला असता तं?"

"चूक आमची आहे," सर म्हणाले.

"आकृती मी काढली," मी म्हटलं.

पुंडलिकरावांनी हातातला प्लग खाली ठेवला. मग सरांना म्हणाले, "दोन मिनिटं लिहिलं होतं. मी घड्याळ लावून पाच मिनिटं थांबलो, मंग जेवून आलो. भरवसा ठेवला ना भाऊ तुमच्यावर."

ते रागाने म्हणाले असते तर सोपं झालं असतं. सरांनी मान खाली घातली. बत्तीस वर्षं त्यांनी वाचकांची पत्रं वाचली होती. अशा वाचकासमोर ते पहिल्यांदाच बसले असावेत.

"बरं, आता आलेच हाये तं चहा घ्या," पुंडलिकराव म्हणाले. "अन् कुठं जोडाचं ते दाखवा."

मी सोल्डरिंग गन मागितली. त्यांनी ती दिली नाही. "मी करतो. तुमी फक्त बोट ठेवा."

त्यांनी तार सोलली, वाकवली, जोड दिला. हात नांगराचा, पण जोड स्वच्छ होता. मग पुन्हा प्लग लावला, मीटर पाहिलं, प्लग काढला. सरांनी मनगट वर करून दोन मिनिटं घड्याळ पाहिलं. मी बल्बचे चिमटे लावले. काही झालं नाही. काकू तेव्हा कुठे आत चहा ठेवायला गेल्या.

चहा पिताना सरांनी विचारलं, "या वयात हे कसं काय सुचलं?"

"गावच्या भजनात मी तबला वाजवतो. मोबाइलवर ऐकलं तं डग्ग्याचा आवाजच येत नाई, नुसतं टकटक. अमरावतीले स्टॉलवर तुमचं पुस्तक दिसलं. आपल्या भाषेत होतं, म्हनून घेतलं." मग म्हणाले, "याचे पुढचे अंक घरी येतीन का?"

सरांनी त्यांना मासिक बंद झाल्याचं सांगितलं. पुंडलिकराव म्हणाले, "अरे! मी तं आताच सुरू केलं."

परत आल्यावर सरांनी एक पानी शुद्धिपत्र लिहिलं. मी आकृती नव्याने काढली. पण यावेळी ती नवशिक्याला कळते का म्हणून धामणगावच्या शिक्षिकांना आणि जाणकार म्हणून तायडेकाकांना पाठवून दोघांकडून तपासून घेतली, मगच छापायला दिली. रजिस्टरमधल्या प्रत्येकाला ते पान टपालाने गेलं. ज्यांचे यजमान गेले होते त्या बाईंनाही. स्टॉलवरून परत आलेले गठ्ठे मी उघडले आणि प्रत्येक प्रतीत काळ्या पेनाने टिंब दिलं. पुंडलिकरावांचा अॅम्प्लिफायर महिन्याभरात वाजला. आधी घूं असा आवाज येत होता, तो सरांनी फोनवर अर्धा तास घालवून काढून दिला.

आता मी एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे प्लॅन काढते. आकृत्या तपासणाऱ्या जोशींचं पद आम्ही गरज नाही म्हणून काढलं होतं. त्यांनी वर्षानुवर्षं काय काय थांबवलं असेल, हे ते गेल्यावरच कळलं. आपण काढलेलं आपण तपासू नये. मनात असतं तेच कागदावर दिसतं.