दोन्हीकडे वाहणारं पाणी

प्रेमाबाईंचं आयुष्य गेलं वडशाला, वैनगंगेच्या काठावर. बावन्नाव्या वर्षी नवऱ्याची बदली कांदिवलीला झाली आणि दोघं चारकोपच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कांदळवन दिसायचं आणि मधून गेलेली खाडीची पट्टी.

पहिल्याच दिवशी सकाळी तिथं काठोकाठ पाणी होतं. दुपारी भांडी घासताना पाहिलं, तर नुसता चिखल आणि त्यात बगळे.

"अहो, पाणी कुठं गेलं जी?"

"भरती-ओहोटी. शाळेत होती ना," नंदकिशोरराव पेपरातून म्हणाले.

शाळेत होती खरी, पण पुस्तकातल्या चित्रात. इथं एवढं पाणी येतं, परत जातं, आणि कुणी मान वळवून बघत नाही. शेजारची अनुपमा वीस वर्षं इथं राहत होती. ती म्हणाली, "खाडी ना? कधी कधी वास येतो तिचा."

इथली माणसं भरभर बोलायची. प्रेमाबाईंचं 'करून राहिली' ऐकून हसायची. त्यामुळे दुकानात काही मागायचं तरी त्या वाक्य आधी मनात जुळवून घ्यायच्या. पण पाण्याचा प्रश्न काही स्वस्थ बसू देईना. शेवटी मासळीबाजारात सुंदराबाई कोळणीला त्यांनी विचारलंच.

सुंदराबाईंनी कोयता खाली ठेवला. "आज तिथी कुठली, बाय?"

"अष्टमी."

"आठाची पाऊणपट किती?"

"सहा."

"मग सहाला पाणी भरणार. रोज तिथी बघायची न् पाऊणपट करायची. खाडीत जरा उशीर होतो, तेवढा धरायचा."

त्या संध्याकाळी सहाला प्रेमाबाई खिडकीत उभ्या राहिल्या. थोडं इकडेतिकडे झालं, पण पाणी आलं. मग महिनाभर त्यांनी रोज पडताळून पाहिलं.

श्रावणात सेक्रेटरी जयवंत परब सांगायला आले, "वहिनी, नारळी पौर्णिमेला खाडीवर नारळ सोडायचाय. सगळे ऑफिसातून आले की सहाला निघू."

प्रेमाबाई जरा घुटमळल्या. "सहाला तिथं चिखल राहील जी. पाणी बाराच्या सुमाराला भरते."

"अहो, आम्ही मालवणचे," जयवंत हसले. "समुद्र आमच्या दारात."

"तुम्ही कधी होते तिथं?"

"मी कुठला? बाबा गिरणीत लागले, मी इथंच जन्मलो." मग खिडकीशी येऊन त्यांनी बाहेर पाहिलं. "बाराला म्हणता? बघूया ना."

पौर्णिमेला बाराच्या आधी जेमतेम सात माणसं खाडीवर पोचली. पाणी कांदळाच्या फांद्यांना टेकलं होतं. जयवंतनी नारळ प्रेमाबाईंच्या हातात दिला. "तुम्हीच सोडा."

नारळ पाण्यात पडला आणि हळूहळू निघाला तो बिल्डिंगांच्या दिशेनं, आत.

"उलटा चालला की हा," जयवंत म्हणाले.

पुढे जाऊन नारळ थांबला. प्रसाद वाटून झाला, माणसं पांगली. प्रेमाबाई हलल्या नाहीत, म्हणून जयवंतही थांबले. वीसेक मिनिटं नारळ जागच्या जागी डुलत राहिला. मग त्यानं एक गिरकी घेतली आणि सावकाश समुद्राकडे निघाला.

"वैनगंगा असं कधी करत नाही," प्रेमाबाई म्हणाल्या.

"मीपण आजच बघितलं," जयवंत म्हणाले. "उद्या किती वाजता भरणार, वहिनी?"