पायी पाहिलेला परदेश

रस्ता चुकण्यात माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस मराठवाड्यातच काय, अख्ख्या जगात सापडायचा नाही. जगात म्हणतो, कारण ते जगभर चुकले होते. बँकॉकला चुकले, लंडनला चुकले आणि पॅरिसला तर असे चुकले की इकडे जालन्यात चूल पेटली नाही. पण याची खंत? छे! "चुकल्याबिगर गाव कळत न्हाई, जावईबापू," असं ते मलाच ऐकवायचे.

हे माझ्या बायकोचे मामा. मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे, जालन्यात बियाण्याचं दुकान. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत बियाण्यांच्या कंपन्या भरपूर माल खपवणाऱ्या दुकानदारांना परदेशाची सहल घडवीत. मामांच्या दुकानातलं कपाशीचं बियाणं दणकून खपायचं, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी मामा विमानात. अंगात पांढरा सफारी, डोक्यावर कडक टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. बरोबरचे दुकानदार थंडगार बसमध्ये बसून शहर बघत, मामा मात्र पहिल्या थांब्यालाच उतरून पसार. काचेतून गाव बघणं म्हणजे पंगतीत बसून नुसता वास घेऊन उठणं, असं त्यांचं मत होतं.

भाषेची अडचण त्यांना कधी आली नाही, कारण ते सगळ्या जगाशी मराठीतच बोलत. बँकॉकच्या भाजीबाजारात त्यांनी सवयीप्रमाणे भेंडीचं टोक मोडून पाहिलं. विकणारी बाई तिच्या भाषेत कडाडली, मामा आपल्या भाषेत. बराच वेळ दोघं मनसोक्त भांडले आणि शेवटी तिच्याच ओट्यावर बसून तिनं कापलेला पेरू तिखट-मीठ लावून खाऊ लागले. "भांडण झालं की वळख पक्की होते," मामा म्हणाले. लंडनला राणीच्या वाड्यापुढे केसाळ टोपी घातलेला पहारेकरी भर उन्हात उभा पाहून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली. तो पापणीही लववेना. "घ्या की, कोन्ही बघून न्हाई राह्यलं," मामा कुजबुजले. मोठा वाडा कसा होता, हे आम्ही विचारलं तेव्हा त्यांना वाड्याचा रंगसुद्धा आठवेना, पण त्या पोराच्या कपाळावरचा घाम आठवत होता.

पॅरिसला मंडळी मनोरा बघायला गेली आणि मामा वाटेत कणसं भाजणाऱ्यापाशी थांबले. कणीस एका बाजूनं करपत होतं, ते त्यांना बघवेना. ते नीट फिरवून देईपर्यंत मंडळी दिसेनाशी झाली. हॉटेलचं नाव आठवेना. समोर पावाचं दुकान आहे एवढी एकच खूण ध्यानात, आणि पॅरिसात तर कोपऱ्याकोपऱ्याला पावाचं दुकान! दुपार उलटली, पाय भरून आले. शेवटी एका दुकानात ते मटकन खाली बसले. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकिणीनं पाणी दिलं, त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि खिशातून लोंबणाऱ्या किल्लीकडे बोट दाखवलं. किल्लीच्या पितळी बिल्ल्यावर हॉटेलचं नाव होतं. सकाळपासून ते खिशातच खुळखुळत होतं! बाईनं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्यांना हाताला धरून हॉटेलपर्यंत पोचवलं. द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मामांनी आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि बोडक्यानं घरी आले.

हा किस्सा ते पोट धरधरून हसत सांगत होते. मामी मात्र हसत नव्हत्या. सहलीच्या म्होरक्यानं घाबरून जालन्याला फोन केला होता, आणि मामा सापडल्याचा निरोप येईपर्यंत मामी पाण्याचा घोटही न घेता फोनपाशी बसून होत्या. किस्सा संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या टायमाला मी बी येते. चुकायचं तर दोघं मिळून चुकू."

मामांनी खरंच पदरचा खर्च करून त्यांना सिंगापूरला नेलं. मामी औरंगाबादच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. सरकत्या जिन्यापुढे त्या थबकल्या, तेव्हा मामांनी चारचौघांत त्यांचा हात धरला. उभ्या जन्मात पहिल्यांदा! मग मामींना त्या जिन्याची अशी गोडी लागली की मामांनाच म्हणावं लागलं, "चल आता जल्दी, दुकानवाले हसून राह्यले." संध्याकाळी दोघं समुद्राकाठी बसले. पलीकडच्या इमारतींचे दिवे पाण्यात उतरत होते. मामी म्हणाल्या, "अवं, इतकी वर्षं हे सगळं तुमी एकल्यानंच बघितलं?"

त्यानंतर मामांनी कंपनीला सांगून टाकलं, दोघांना नेत असाल तर येतो. कंपनीला ते परवडेना. मग दोघं आपले आपणच आणखी दोनदा जाऊन आले. पुढे मामांचे गुडघे गेले. मुलगी टोरांटोला असते; तिच्याकडे आता मामी एकट्याच जातात आणि आल्या की मामांच्या खुर्चीशेजारी पाट घेऊन बसतात.

परवा गेलो तेव्हा त्या तिथल्या बर्फाचं सांगत होत्या. बर्फ पडताना आवाज होत नाही, म्हणाल्या, सगळं शहर गप्प होतं आणि आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. मामा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले. मामींनाही तसंच वाटलं असावं, त्या थांबल्या.

"थांबलीस कशापायी?" मामा डोळे न उघडताच म्हणाले. "मंग कुठं गेल्तीस?"

मामी जराशा सरकून बसल्या आणि सांगू लागल्या.