स्वेटरवरचं पिवळं

मी देवास सोडलं ती वसंतपंचमीची पहाट होती. इंदूर विमानतळाची टॅक्सी दारात उभी, टेकडीवरच्या देवळातले दिवे अजून जळत होते, आणि आई माझ्या डोक्यातून पिवळा कुर्ता घालत होती, तोही जाड स्वेटरच्या वरून. "पिवळं दिसलं पाहिजे," एवढंच म्हणाली. टॅक्सीवाला आमच्याच गल्लीतला. "क्या दीदी, रातोंरात मोटी हो गईं?" म्हणून खदखदून हसला.

आमच्या घरची ही रीतच. माळव्यात त्या दिवसांत सकाळी दात वाजतात आणि दुपारी पंखा लागतो. पंचमीला पिवळं तर घालायचंच, मग ते स्वेटरखाली झाकून कसं चालेल? म्हणून धारच्या आत्यानं विणलेला स्वेटर आत आणि पिवळं वर. आम्ही भावंडं शाळेत गोण्यांसारखी दिसायचो. दुपारी उकडायला लागलं तरी आतला स्वेटर काढता यायचा नाही, घामाघूम होऊन घरी यायचो. तेव्हा आईचा अस्सा राग यायचा! आता इथे इंग्लंडात मार्च आला तरी थर्मल, त्यावर जम्पर, म्हणजे इथला स्वेटर, त्यावर काळा कोट चढवते, आणि आरशात तीच गोणी दिसते. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना हे सांगायला नकोच.

बाबा गेल्यापासून आई देवासात एकटी आहे. "इकडे ये," मी दर फोनवर म्हणायचे आणि ती विषय बदलायची. गेल्या हिवाळ्यात एकदाची बोलली. "तुमचे फोटो बघते ना मी. सगळे काळ्या कोटात. एवढं नीट नेसून यायचं आणि वरून गोधडी पांघरल्यासारखा कोट. तिथं मी कुणाला दिसणार गं?" मी ते हसण्यावारी नेलं. फोन ठेवल्यावर मात्र आठवलं, इथली पहिली वर्षं मलाही असंच वाटायचं.

यंदा वसंतपंचमीला मी माझ्या लेकीला, इराला, त्या गोण्यांची गोष्ट सांगितली. तिचं मराठी अर्धंमुर्धं. तिनं कपाटातून माझा तोच, देवासहून निघतानाचा कुर्ता काढला, शाळेच्या कोटावर चढवला आणि आजीला व्हिडिओ कॉल लावला.

"आजी, बघ, पिवळं वर!"

"अगंबाई! आणि अशी शाळेत जाणार?"

"हो. का?"

आई हसत सुटली, मग पदरानं डोळे पुसत बसली.

चार दिवसांनी शेजारच्या काकूंचा फोन. म्हणाल्या, तुझ्या आईला झालंय तरी काय? भर दुपारी साडीवर बाबांचा जुना कोट चढवून टेलरकडे गेली होती. टेलर म्हणाला, "माँजी, ब्लाउज का नाप है, कोट तो उतारो." तर म्हणते कशी, "भिया, कोट के ऊपर का ही नाप लेना है. कपड़ा पीला है, संभाल के काटना."

मी त्याच दिवशी तिच्या व्हिसाचा अर्ज केला आणि तो हातात येताच तिकीट काढलं. परवा पोचते आहे. तुझं घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की इतकी वर्षं मी अडखळायचे. परवा विमानतळावर, काळ्या कोटांच्या त्या गर्दीत, ते मला लांबूनच दिसेल, पिवळं.